आधी अंगाचे लिहावे

मी, या घराची मालकीण, जन्मभर शिवणकाम केलेली आणि सगळी गल्ली ज्यांना मास्तर म्हणत असे त्या शिंप्याची विधवा, वय सत्तरीच्या पुढे, आज हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वतःच्या शब्दांत आणि राजीखुशीने लिहून ठेवीत आहे. कोणी भरीस घातलेले नाही, कोणाचे दडपण नाही. बुद्धी शाबूत असल्याची खात्री डॉक्टरांनी काल करून घेतली. त्यांनी मला आजचा वार विचारला, मुलाचे वय विचारले आणि एक वजाबाकी घातली. मी वजाबाकी केली आणि त्यांच्या कोटाची डावी बाही उजवीपेक्षा आखूड आहे हेही सांगितले. तेव्हा ते म्हणाले, "पुरे. लिहायला बसा."

वकीलसाहेबांनी एक मसुदा पाठवला होता. त्यात सदरहू आणि उपरोक्त यांची एवढी गर्दी होती की माझे घर मलाच सापडेना. तो मसुदा बाजूला ठेवला आहे. कायद्याला लागेल तेवढे मी लिहीन, पण माझ्या माणसांना लागेल ते आधी.

कलम पहिले. घर. घर दुमजली, रस्त्याला लागून. हे मास्तरांच्या आणि माझ्या कष्टाचे आहे, वडिलोपार्जित नाही. सबब दुसऱ्या कोणाचा त्यात हक्क-हिस्सा नाही. माझ्यामागे ते माझा मुलगा आणि माझी सून यांना सारख्या हक्काने द्यावे, आणि कागदावर दोघांची नावे लागावीत. मुलाला हे आधीच सांगितले. तो म्हणाला, "तिचं नाव कशाला? माझं तेच तिचं."

मी म्हटले, "मग तिचं तेच तुझं. तिचं नाव लागल्यानं तुझं काय बिघडतं?"

तो हसला. मग जरा वेळाने विचारात पडलेला दिसला. ते चांगले लक्षण आहे.

खालच्या गाळ्यात घड्याळजी भाडेकरू आहेत. त्यांना उठवू नये. त्यांची घड्याळे एकमेकांशी कधी जुळली नाहीत, पण भाडे वेळेवर येते, आणि मास्तर गेले त्या दिवशी त्यांनी न सांगता दुकान बंद ठेवून दिवसभर आमच्या दारात उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलण्याचे काम अंगावर घेतले. ते काम किती जड असते हे ज्याने केले त्यालाच कळते.

कलम दुसरे. शिवणखोली आणि हत्यारे. शिवणयंत्र काजवालीला द्यावे. काजवाली म्हणजे माझ्याकडे तरुणपणापासून काजे-बटणे करणारी बाई. तिला यंत्राचा आवाज आवडत नाही, हे मला माहीत आहे. तरी द्यावे. विकले तर विकू दे, पण किंमत तिने सांगावी, घेणाऱ्याने नव्हे. मोठी कात्री सुनेला. त्या कात्रीने कोणीही कागद कापू नये. कागदाने धार जाते, हे मी या घरात इतक्यांदा ओरडून सांगितले आहे की आता मृत्युपत्रातही लिहावे लागत आहे. कोळशाची इस्त्री जड आहे, ज्याच्या मनगटात बळ असेल त्याने घ्यावी.

कलम तिसरे. पेढीवरची शिल्लक. आकडा इथे लिहीत नाही. पेढीवाल्यांना तो ठाऊक आहे. त्या रकमेतून आधी एक सोय करावी: आमच्या गल्लीतल्या कोणत्याही बाईला, ती मालकीण असो की धुणेवाली, बाळंतपणात किंवा त्यानंतर सुईण अथवा डॉक्टर लागला आणि घरातून नकार किंवा चालढकल झाली, तर तिने माझ्या सुनेला सांगावे आणि सुनेने त्या रकमेतून खर्च करावा. सुनेने कारण विचारू नये. उरेल ते माझ्या भाचीला, म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीच्या मुलीला. असे का, ते पुढच्या दोन कलमांत येईल. ती लांब आहेत. वाचणाऱ्याने पाणी पिऊन बसावे.

कलम चौथे. पत्रे. कापडाच्या ठाणांची जी रिकामी खोकी माळ्यावर आहेत, त्यांत आमच्या माणसांनी वर्षानुवर्षे लिहिलेली पत्रे आहेत. मुलाचे म्हणणे, ती माझ्या हयातीतच जाळावीत. तो मोठ्या कचेरीत आहे, त्याच्याकडे चार माणसे येतात-जातात.

"आई, ही पत्रं कुणाच्या हाती पडली तर?"

"पडली तर वाचतील."

"त्यात मूळव्याध आहे, आई. बाबांची मूळव्याध!"

"होतीच त्यांना."

"म्हणून ती लिहून ठेवायची? लोकांच्या घरची पत्रं बघ. हवापाणी, आशीर्वाद, कोण आलं, कोण गेलं. आपल्याकडे गळवं, जुलाब, बायकांची दुखणी. हे घर आहे की दवाखाना?"

त्याचा प्रश्न वावगा नाही. आमची पत्रे अशी का आहेत हे त्याला नीट कधी सांगितले नव्हते, कारण सांगायला बसले की मी हातात शिवण घेते आणि सांगणे राहून जाते. लिहिताना हातात सुई धरता येत नाही. म्हणून इथे लिहिते.

आम्ही दोघी बहिणी. ताई मोठी, मी धाकटी. आईने आम्हांला लिहायला शिकवले आणि पत्राचा रिवाजही शिकवला: पहिल्या ओळीत "इकडे सर्व ठीक आहे" असे लिहायचे. ठीक नसले तरी लिहायचे. लांबच्या माणसाच्या जिवाला घोर लावणे हा आईच्या मते उद्धटपणा होता.

ताई लाकडाच्या वखारवाल्यांकडे दिली, दोन दिवसांच्या वाटेवर. घर मोठे, खाऊन-पिऊन सुखी. तिचे सासरे सरळ, कडक, व्यवहाराला चोख. त्यांचा एक शिरस्ता होता. घरात आलेले आणि घरातून जाणारे प्रत्येक पत्र ते स्वतः उघडत आणि रात्रीच्या जेवणानंतर सगळ्यांसमोर मोठ्याने वाचत. त्यात त्यांना काही वाईट वाटत नसे. एकत्र घरात वेगळे गुपित कशाला, असे त्यांचे मत. मी एकदा तिकडे राहायला गेले असताना माझ्याच जावेने मला लिहिलेले पत्र त्यांनी वाचून दाखवले. मी तांबडीलाल होऊन ताटाकडे बघत होते आणि ते चष्मा सावरून म्हणत होते, "अक्षर बरं आहे हो तुमच्या जावेचं."

ताईची पत्रे मात्र वाचावीत अशीच असत. करवतीचा भुसा दुधावर सायीसारखा बसतो. धाकट्याने वखारीतल्या बैलाला टोपी घातली. सासूबाईंचे गुडघे थंडीत धरतात, त्यांना शेक चालू आहे. मामंजींचा खोकला काढ्याने उतरला. मोठीचे दुधाचे दात पडायला लागले आहेत, ती ते खिडकीत ओळीने मांडते. घरातल्या प्रत्येकाच्या अंगाची खबर त्या पत्रांत होती. फक्त लिहिणारीला अंग असल्याचे कुठे दिसत नसे.

दर वर्षी मी तिच्यासाठी पोलकी शिवून पाठवी. त्या वर्षी तिचे तिसरे मूल झाले होते, म्हणून मी विचारले, माप काय ठेवू? तिने लिहिले, "माप पूर्वीचेच ठेव. मी होते तशीच आहे." मी तसेच शिवले, वखारीच्या गाडीवानाबरोबर पाठवले.

पुढल्या फेरीला तोच गाडीवान आमच्या दुकानासमोर थांबला. लाकूड उतरवून झाले तरी जाईना. पागोट्याचे टोक बोटाला गुंडाळत म्हणाला, "बाई, तुम्ही एकदा येऊन जा. ताईसाहेब आता खाली उतरत नाहीत."

मी त्याच्याच गाडीत बसून गेले. मास्तर म्हणाले, "दुकानाची काळजी करू नकोस," आणि माझ्या हातात स्वतःची शाल दिली.

ताई वरच्या खोलीत होती. मी शिवलेले पोलके तिच्या अंगात होते आणि दोन्ही खांद्यांवरून घसरले होते. ओठ आणि नखे पांढरीफटक. मी शिवणारी बाई. मी आधी पोलक्याकडे बघितले आणि मग तिच्या तोंडाकडे बघायचा धीर होईना.

"काय झालंय ताई?"

"बाळ झाल्यापासून अंगावर जातंय. थांबतं, परत सुरू होतं. आता तापही येतो."

"बाळ रांगायला लागलंय, ताई! मला का नाही लिहिलंस?"

ती अगदी हळू म्हणाली, "चिमे, हे मी लिहायचं आणि मामंजींनी दिव्यापाशी बसून मोठ्यानं वाचायचं?"

मी विचारले, भावोजींना सांगितलेस का? सांगितले होते. भावोजी गरीब स्वभावाचे. ते म्हणाले होते, असली गोष्ट बाबांच्या कानावर कशी घालू? डॉक्टर बोलवायचा तर बाबांना विचारावे लागणार, विचारायचे तर कारण सांगावे लागणार. म्हणून ते रोज तिला विचारत, आज कमी आहे का, आणि ती म्हणे, आहे कमी.

मी खाली गेले आणि सासऱ्यांसमोर उभी राहून स्पष्ट शब्दांत सांगितले. त्यांनी कान झाकले नाहीत, रागावलेही नाहीत. त्यांचा चेहराच उतरला. त्याच पावली त्यांनी घोडा जोडायला लावून डॉक्टर आणवला. हे त्यांच्या बाजूने सांगायला हवे. डॉक्टरांनी तपासले, आम्हांला बाहेर बोलावले आणि विचारले, "इतके महिने काय करत होतात?"

ताई त्या आठवड्यातच गेली. सासरे दारातल्या लाकडाच्या ओंडक्यावर बसून येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते, "तिनं आम्हांला काही कळवलंच नाही हो. काही कळवलंच नाही." ते खरेच होते, आणि ते ऐकताना मला ओरडावेसे वाटत होते.

पुढे काही लोक म्हणाले, तू सख्खी बहीण, तुला पत्रांवरून कळायला हवे होते. मला हे मान्य नाही. तिने कळू नये म्हणून जिवाचा आटापिटा करून लिहिले होते, आणि तिला सुरेख लिहिता येत होते.

घरी परतल्यावर मी मास्तरांना सांगितले, आपल्या घरात आजपासून दोन गोष्टी. ज्याचे पत्र त्यानेच उघडायचे. आणि पहिला परिच्छेद स्वतःच्या अंगाचा लिहायचा. जे असेल ते, नावानिशी. मास्तर उसवलेल्या काठाला टाका घालत होते. म्हणाले, "आधी अंग, मग अंगण. चालेल." नंतर म्हणाले, "लोक हसतील." लोक हसले. मास्तर कापड आणायला परगावी गेले की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत पायाच्या घट्ट्यापासून सुरुवात असे, आणि हो, मूळव्याधही असे, सविस्तर. माझी जाऊ म्हणाली, तुमच्याकडचं पत्र जेवणाआधी उघडायची सोय नाही. पण सहा महिन्यांनी तिनेच मला तिच्या कानातून पू येतो असे लिहिले, आणि ते तिने तिच्या नवऱ्याला सांगितलेले नव्हते.

कलम पाचवे. भाची आणि विहीणबाई. ताईची मोठी मुलगी, ती दात मांडणारी, भावोजींनी माझ्याकडे आणून ठेवली. स्वतः आणली, बाबांना न विचारता. आयुष्यात त्यांनी तेवढे एकच काम न विचारता केले असेल. मी तिला शिवण शिकवले, ते तिला आले नाही. लिहायला शिकवले, ते आले.

तिचे लग्न ठरवायची बैठक बसली तेव्हा देण्याघेण्याचे झाल्यावर मी म्हटले, माझी एक अट आहे. मुलीला आलेले पत्र मुलगीच उघडेल, आणि तिने लिहिलेले पत्र न वाचता टपालात जाईल.

मुलाची आई ताठ बसली. "आमच्या घरात चोरून पत्रं वाचतात, असं म्हणायचंय का तुम्हाला?"

"चोरून नाही. उघड वाचतात, तेच नको आहे."

"म्हणजे मुलगी सासरच्या कागाळ्या कळवायला मोकळी!"

"सुखं असतील तर सुखं कळवेल."

त्या उठायलाच निघाल्या होत्या. मुलगा छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे काम करी, तोवर एक शब्द बोलला नव्हता. तो म्हणाला, "आई, तुझं पत्र मी कधी उघडतो का? मग हिचं कशाला उघडीन?" एवढ्यावर जमले. पण विहीणबाई पुढे कित्येक वर्षे मला तोंडावर "अटीच्या विहीणबाई" म्हणत आणि माझ्याकडे कधी पाणी घेत नसत.

भाचीच्या दुसऱ्या बाळंतपणानंतर तिचे पत्र आले. ते या खोक्यात आहे. मला पाठ आहे. "मावशी, आधी अंगाचे. बाळ झाले, मुलगा आहे, चांगला रडतो. मला मात्र अंगावर फार जाते. काल गाठी पडल्या. उभी राहिले की अंधारी येते. इथे सगळे म्हणतात, होते असे. मला भीती वाटते."

मी हातातले काम यंत्राखाली तसेच सोडले. आमच्या गल्लीतल्या सुईणीला उठवले, तिने पिशवी घेतली, आणि दूधवाल्याची गाडी रिकामी परत निघाली होती तिच्यात आम्ही दोघी बसलो. दार विहीणबाईंनीच उघडले. "तुम्ही? काय झालं?" आणि मी सांगितल्यावर, "आम्हांला तर काही बोलली नाही! थकवा आहे, म्हणाली."

सुईणीने बघितले आणि तिथल्या तिथे जावयाला डॉक्टरांकडे पिटाळले. पलंगाचे पायथ्याकडचे पाय विटांवर चढवले. वारेचा तुकडा आत राहिला होता. डॉक्टर तो काढत होते तेव्हा भाचीचा एक हात मी धरला होता आणि कढत पाण्याचे भांडे विहीणबाईंनी. त्यांनी पाणी जराही सांडू दिले नाही. भाची वाचली. उठून चालायला तिला पुढचा हिवाळा लागला, आणि पुन्हा मूल झाले नाही. पण वाचली, आणि तिची दोन्ही मुले तिच्या हातची जेवून मोठी झाली.

रक्त थांबल्यावर आम्ही दोघी स्वयंपाकघरात बसलो. विहीणबाईंनी विचारले, "तिनं मला का नाही सांगितलं? मी काय खाल्लं असतं तिला?"

मी विचारले, "सांगितलं असतं तर तुम्ही काय म्हटलं असतं?"

त्या म्हणाल्या, "म्हटलं असतं, बायकांना होतंच असं." आणि तोंड झाकून रडल्या. त्या दिवशी त्यांनी माझ्या हातचे पाणी घेतले.

पुढे काही वर्षांनी त्यांचे स्वतःचे पत्र मला आले. त्यांना लिहायची सवय नव्हती. अक्षरे मोठी, एकमेकांवर रेललेली. पहिल्या ओळीत हवेविषयी काही लिहून खोडले होते. खाली होते, "डाव्या छातीत गाठ आहे. वाटाण्याएवढी होती, आता लिंबाएवढी झाली. मुलाला सांगितले नाही, सुनेला नाही. तुम्हांला सांगते, कारण तुम्ही लाजणार नाही आणि मलाही लाजू देणार नाही."

मी गेले, डॉक्टरांना दाखवले. उशीर झाला होता. यात कोणाचे यश नाही. मग मला जे येत होते ते मी केले. अगदी जुने, धुऊन धुऊन मऊ झालेले कापड घेऊन डावीकडे शिवण येणार नाही असे पोलके बेतले, खांद्यावर बंद ठेवले, म्हणजे हात वर करावा लागू नये. गाठ वाढेल तसे मी नवे बेतत गेले. त्यांनी दर वेळी माप लिहून पाठवले, खरे माप. शेवटच्या पत्रात दोनच ओळी आहेत: "हे पोलके टोचत नाही. काल झोप लागली."

मी आयुष्यात श्रीमंतांचे पुष्कळ कपडे शिवले. त्या पोलक्यांइतके नीट बेतलेले काम माझ्या हातून दुसरे झाले नाही.

कलम सहावे. पत्रांची व्यवस्था. डॉक्टरांनी ती खोकी मागितली आहेत. अभ्यासाला उपयोगी पडतील, नावे गाळून छापू, म्हणाले. त्यांना देऊ नयेत. ज्याचे अंग त्याची परवानगी, आणि अर्धे लोक परवानगी द्यायला उरले नाहीत. विहीणबाईंची पत्रे जावयाला द्यावीत. त्याने ती वाचावीत की तशीच ठेवावीत हे त्याने ठरवावे. पोरगा समंजस आहे. ताईची सर्व पत्रे भाचीला. जावेची जावेच्या मुलांना. प्रत्येकाने आपापली न्यावीत आणि दुसऱ्याच्या पत्रांत डोकावू नये. मुलाने शिकायला बाहेर असताना लिहिलेली त्याची त्याने घ्यावीत आणि खुशाल जाळावीत. त्याला कोणते गळू कुठे झाले होते हे मला पाठ आहे, कागदाची गरज नाही.

मास्तरांची पत्रेही मुलालाच. ती मात्र जाळू नयेत, अशी अट मी घालणार होते. परवा त्याने स्वतःच माळ्यावर चढून ते खोके खाली आणले. म्हणाला, जाळण्याआधी एकदा बघतो. जिन्यातच बसला. मला खालून त्याचे हसणे ऐकू आले. बहुधा पायाचा घट्टा असावा. मग कागद उलटल्याचा आवाज येत राहिला. वर आला तेव्हा हातात एक कागद होता.

"आई, हे मी पोहायला शिकलो त्याच उन्हाळ्यातलं आहे. बाबा लिहितायत की कमरेत अशी कळ येते की कापड फाडायला वाकवत नाही."

"हो. घरी असले की लेप लावत होते मी."

"पण मला तर ते रोज खांद्यावर बसवून नदीवर न्यायचे."

तो तो कागद घडी करून पुन्हा उघडून बघत राहिला. शेवटी म्हणाला, "राहू देत ही." सबब अट घालण्याची गरज उरली नाही.

कलम सातवे. जुने हिशेब. ताईच्या मृत्यूनंतर वखारवाल्या सासऱ्यांनी मी शिवलेली तिची पोलकी गाठोड्यात बांधून परत पाठवली होती, वर चिठ्ठी: "माप चुकलेले दिसते, कापड चांगले आहे, वाया जाऊ नये." त्यांचा हेतू काटकसरीचा असेल. ती चिठ्ठी मी चुलीत घातली. या घरात जाळलेला तेवढाच एक कागद. पोलकी उसवून भाचीच्या मुलांना झबली केली. त्या माणसाला मी माफ केले असे लिहिले तर खोटे होईल. पण त्यांच्याविषयी या घरात जे वाईट बोलायचे होते ते मी बोलून संपवले आहे. पुढच्यांनी बोलू नये. त्यांच्या वंशजांशी येणे-जाणे ठेवावे.

कलम आठवे. माझ्या अंगाविषयी. माझे पाय संध्याकाळी सुजतात. बोट दाबले तर खळगा राहतो. जिना चढताना दम लागतो. आडवे झाले की गुदमरते, म्हणून गेला महिना मी बसून झोपते. डॉक्टर म्हणतात, काळीज वाढले आहे. मी म्हटले, मोठे काळीज असणे चांगलेच की. ते हसले नाहीत. थंडी निभावेल असे त्यांना वाटत नाही. मला भीती वाटते, पण सारखी नाही. सकाळी कमी असते.

शेवटी मला बोलता आले नाही तर मला सपाट निजवू नये, पाठीशी लोड द्यावेत. खिडकी उघडी ठेवावी. खोलीत आलेल्यांनी बरे वाटेल, बरे वाटेल असे म्हणत बसू नये. बाजारात काय चालले आहे ते सांगावे. अंत्यविधी साधा करावा. या कामाची देखरेख आणि या मृत्युपत्राची अंमलबजावणी जावयाने करावी. त्याला उलटी अक्षरे वाचायची सवय आहे, कोणी काही लपवू शकणार नाही.

हे सर्व मी गेल्यावर वाचूनच घरच्यांना कळावे, असे मला नको होते. म्हणून काल दुपारी सुनेला समोर बसवून सांगितले. ती रडली. मग डोळे पुसून माझ्या पायांकडे बघत म्हणाली, "दुखतात का?" मी म्हटले, जड होतात. तिने माझे दोन्ही पाय मांडीवर घेतले आणि घोट्यापासून वर हळूहळू चोळायला लागली. तिचे हात गरम आहेत.

वर लिहिलेले सर्व मी पूर्ण समजून, वाचून पाहून लिहिले आहे. यापूर्वी मी दुसरे कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. कोणी दाखवल्यास ते खोटे समजावे.

लिहून ठेवणार: (सही)

साक्षीदार:
१. खालच्या गाळ्यातले घड्याळजी. बाईंनी आमच्यासमोर सही केली. (सही)
२. डॉक्टर. बाई पूर्ण शुद्धीत व विचार करण्यास समर्थ आहेत, अशी मी तपासून खात्री केली आहे. (सही)

ठिकाण: राहते घर, वरची शिवणखोली
दिनांक: १९ नोव्हेंबर १८९६